कापलेला प्रवेश

राजा स्वतःच्या हातानं मुकुट उतरवून देतो, तो प्रवेशच सरकारी तपासनिसानं काट मारून उडवला. थेम्सपलीकडल्या नाटकघरात नाटकाची वही सांभाळणाऱ्या अँब्रोज टिलीनं निमूटपणे मुकुट पेटीत कुलूपबंद केला आणि किल्ली गळ्यात अडकवली.

दुपारी खेळ रंगात आला आणि पडद्याआड उभ्या अँब्रोजला घाम फुटला. प्रत्येक नटाच्या कागदावर फक्त त्याचीच वाक्यं असतात, आणि आधीच्या नटाचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की बोलायचं. राजाकडून मुकुट घेणाऱ्या ह्यूच्या कागदावर राजाच्या कापलेल्या भाषणाचेच शेवटचे शब्द तसेच राहिले होते. ते बदलायला अँब्रोज साफ विसरला होता!

ह्यू रिकाम्या सिंहासनासमोर जाऊन पाठमोरा थांबला.

"बोल ना, ह्यू! राजा नाहीये आज!" अँब्रोज कुजबुजला.

ह्यूनं मागे न बघताच हातानं त्याला गप्प केलं. मान झुकवून तो उभा राहिला, त्या अख्ख्या भाषणाला लागायचा तेवढा वेळ. तुडुंब गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तो आपलं वाक्य बोलला.

आत येताच तो उखडला. "राजा बोलत असताना मध्ये कसला फुसफुसतोस रे?"

"कुठला राजा? राजाचं काम करणारा राल्फ मघापासून इथं माझ्या शेजारी बसलाय!"

ह्यूनं राल्फकडे पाहिलं. ह्यूचा चेहरा उतरला. त्यानं हातातली वस्तू पुढे केली.

अँब्रोजनं गळ्यातली किल्ली चाचपली. ती जागेवरच होती. दुसऱ्या हातानं त्यानं मुकुट घेतला.

मुकुट आतून कोमट होता, नुकताच कुणाच्या तरी डोक्यावरून उतरवल्यासारखा.