खालचा दाब

दुसऱ्या बुडीतही पोरगं सापडलं नाही. मी धरणाच्या काठावर येऊन पाठीवरचं सिलेंडर उतरवलं आणि खडकाला टेकलो. एवढ्या खोलातून आल्यावर जरा थांबल्याशिवाय परत उतरता येत नाही, हे लोकांना सांगून सांगून तोंड दुखलं होतं.

पोराचे वडील, सूर्यभानकाका, शेजारी येऊन बसले. पारनेरकडचे डाळिंबवाले. सिलेंडरच्या काट्याकडे बघत म्हणाले, "ह्ये बार म्हंजे काय रं बाबा?"

बोलायचं त्राण नव्हतं. तरी सांगितलं.

"तुमच्या ड्रिपच्या फिल्टरला काटा असतो ना, काका? त्यातला चौरस सेंटीमीटरमागचा किलो आन् आमचा बार जवळपास एकच."

"आमचं ड्रिप दीड किलोवर चालतं. खाली किती आसंल?"

"दर दहा मीटरला एक वाढतो. तळ तीस मीटरवर हाय. पान्याचे तीन आन् वरच्या हवेचा एक, असे चार."

"म्हंजे नखायेवढ्या जागंवर चार किलो?"

"व्हय."

"समद्या अंगावर?"

"समद्या अंगावर. पर मला काय होत न्हाई काका, सवय हाय."

ते पाण्याकडे वळले.

"तुजं न्हाई म्हनत बाबा मी," ते म्हणाले. "आमच्या वाल्मिकला झोपंत अंगावर चादर बी सोसत न्हाई."

मी उठलो आणि सिलेंडर पाठीला लावायला घेतलं.