मुक्कामी गाडी

शिंप्याची बायको सकाळच्या गाडीत चढली तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. तिच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती.

"काकू, तुम्ही कशा? आज काकांची पाळी ना?" कंडक्टरनं विचारलं.

"ते गेले. पहाटे."

"कशानं गेले? गाडी तर रात्रीपासून इथंच उभी आहे," कंडक्टर बोलून गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"बंद नका करू," ती म्हणाली. "लोहारीण बसलीय त्यांच्यापाशी. लेक निघालीय, दुपारी स्टँडवर उतरेल. तिला संध्याकाळी घेऊन यायचंय. गाडी तर धावली पाहिजे."

गावात आता मोजकीच माणसं उरली होती, तीही म्हातारी. गाडी रिकामी धावताना दिसली की फेरी बंद करू, असं डेपोचे साहेब बजावून गेले होते. तेव्हापासून गावानं पाळी लावली होती. रोज एकानं सकाळी गाडीत बसायचं, दिवस शहरातल्या स्टँडवर काढायचा आणि संध्याकाळी परत यायचं. काम असो नसो.

"आजचा दिवस राहू दे, काकू. तिकीट मी फाडतो, कुणी होतं म्हणून."

"आणि तपासनीस चढला तर? तुमची नोकरी जायची. चला."

ती खिडकीशी बसली. बाहीला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. तिनं तो पाहिला आणि तसाच राहू दिला. ड्रायव्हरनं सवयीनं लावलेलं गाणं मध्येच बंद केलं, ते तिच्या ध्यानात आलं नाही.

स्टँडवर लेक गळ्यात पडून हमसाहमशी रडली. आईनं तिची पाठ थोपटली. "आधी पाणी पी," म्हणाली.

संध्याकाळी गाडी थांब्यावर न थांबता थेट शिंप्याच्या दारात गेली. खांदा द्यायला माणसं पुरत नव्हती. एक मास्तर, एक लोहार, दोघेही वाकलेले. कुणी सांगायच्या आत ड्रायव्हर आणि कंडक्टर पुढे झाले. अंधार पडायच्या आत शिंप्याला गावाबाहेर पोचवून सगळे परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच गाडी सुरू झाली. लेक आईच्या कपड्यांची पिशवी भरून दारात उभी होती.

"चल माझ्याबरोबर. इथं कोण आहे आता तुझं?"

"लोहारीण आहे. मास्तर आहेत. त्यांची औषधं याच गाडीनं येतात."

"म्हणून तू जन्मभर रोज बसमध्ये बसणार?"

"रोज कशाला? पाळी असते. आता एक माणूस कमी झालं. लवकर लवकर येईल एवढंच."

लेकीनं पिशवी खाली ठेवली. "मग मीही राहते. निदान चार दिवस."

तेवढ्यात लोहारीण येताना दिसली. आज तिची पाळी होती. कालचा अख्खा दिवस ती मयताशेजारी एका जागी बसून होती. आता एकेक पाऊल भिंतीला धरून टाकत होती.

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग आत गेली, लेकीची स्वतःची पिशवी घेऊन बाहेर आली आणि ती गाडीत ठेवली.

"राहायचं असेल तर संध्याकाळी ये," ती लेकीला म्हणाली. "आत्ता बस. गाडी रिकामी जायला नको."