सात आठे चौपन्न

दिवसभर रेकॉर्डिंग करून घसा पार बसला होता. सुट्टीत मुलांचा अभ्यास सुटू नये म्हणून काढलेल्या एका वेबसाइटवर गणितं शिकवणाऱ्या ताईचा आवाज माझा आहे. घरी आले तर लेक हेडफोन लावून तीच वेबसाइट उघडून बसलेली. पडद्यावर प्रश्न होता, सात आठे किती? तिने चौपन्न दाबलं. पुन्हा चौपन्न. तिसऱ्यांदाही चौपन्नच.

मी पर्स सोफ्यावर फेकली आणि तिचा हेडफोन ओढून काढला. "चौथीत जाणार ना तू? साधा पाढा येत नाही?"

"येतो. छप्पन्न."

"मग मुद्दाम चुकतेस? आधीच दमून आलेय मी, आता डोकं नको फिरवूस माझं."

ती मान खाली घालून पुटपुटली, "चुकलं की यातली तू ओरडत नाहीस."

मी तिच्या शेजारी टेकले. तिने हेडफोन माझ्या कानांवर नीट बसवला आणि परत चौपन्न दाबलं.

"काही हरकत नाही, बाळा," माझाच आवाज म्हणाला, "आपण पुन्हा करून बघू या."