पठारावर वारा नव्हता

नवऱ्याने ड्रोनवरून टिपलेलं पठाराचं चित्रण सुलभाने आठपट वेगाने लावलं, तसा पडद्यावरचा डोंगर गदागदा हलू लागला. स्टॅबिलायझेशन लावूनही तो थरथरायचा थांबेना.

"अहो, हे एवढं कशानं हललंय?"

"वारा फार होता," हणमंत तिच्याकडे न पाहता म्हणाला.

पण चित्रणातल्या साऱ्या पवनचक्क्या ठप्प उभ्या होत्या. मोठ्या कष्टाने सुटलेली त्याची दारू पुन्हा सुरू झाली असणार, असं तिला वाटलं.

पुढच्या शूटिंगला ती न सांगता त्याच्या मागोमाग पठारावर गेली. ड्रोन आकाशात होता. गळ्यात अडकवलेल्या रिमोटवर हणमंतचा उजवा हात थरथरत होता आणि डाव्या हाताने त्याने त्याचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं. ती अगदी जवळ गेली. दारूचा वास नव्हता.

"कधीपासून होतंय हे?"

तो दचकला. "दिवाळीपासून," शेवटी म्हणाला. "वाटलं, तू एडिटिंगमध्ये सावरून घेशील."

"आधी तो ड्रोन खाली घ्या," ती म्हणाली. "मग आपण डॉक्टरांकडे जाऊ."

ड्रोन गवतात उतरला. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तरीही तो थरथरतच राहिला.