दाराजवळचा बाक

पप्पांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, मला पहिल्या बाकावर बसवलं होतं, पण माझी मान सारखी मागे वळत होती. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर चाळीस वर्षं पप्पा बसले. "पेशंट कधीही बोलवायला येतो," म्हणायचे. आमच्यासोबत एक मिस्सा त्यांनी धड पूर्ण ऐकली नाही, याचा मला फार राग होता. आज त्यांच्या जागेवर कोणीच बसलं नव्हतं.

मीही डॉक्टर. दोन दिवसांनी कायमची कॅनडाला जाणार होते. पप्पांच्या दवाखान्याला कुलूप घालून झालं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

फादरांचं प्रवचन रंगात आलेलं असताना आमच्या आळीतला बावतीस धावत आत शिरला. सवयीने थेट शेवटच्या बाकाशी जाऊन वाकला. "डॉक्टर, चला लवकर, आईला धाप लागलीय," म्हणाला, आणि रिकाम्या जागेपुढे हात तसाच धरून उभा राहिला.

मम्मीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त पाय आत घेऊन वाट करून दिली.

मी उठले. माझ्या चपलांचा आवाज चर्चभर घुमला.

फादर क्षणभरही थांबले नाहीत. त्यांना सवय होती.