आईची स्लाइड

आईच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लेकीनेच मायक्रोस्कोपखाली तपासला होता आणि "काही नाही गं आई, निर्धास्त झोप," असं सांगितलं होतं. आठ महिन्यांत आई कॅन्सरने गेली. थोरला भाऊ एवढंच म्हणाला, "घरात तपासणारी होती, आणि तुला दिसलं नाही?" त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही.

तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला. रोगट पेशीतल्या रेणूला चिकटून असा लख्ख चमकणारा रंग बनवायचा, की एकही पेशी नजरेतून सुटू नये. सहा वर्षांत दोनशे दहा रंग झाले. काही नुसतेच मिणमिणायचे, काही बघता बघता विझायचे. प्रयोगशाळेचे साहेब हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता पुरे करा."

आज दोनशे अकरावा रंग कॅन्सरच्या जुन्या नमुन्यांवर निखाऱ्यासारखा पेटला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण टाळ्या पिटत धावत आली. हिचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तिने कपाटातून आईच्या त्याच तुकड्याची स्लाइड काढली, तिच्यावर तोच रंग चढवला, दिवे घालवले आणि भिंगाला डोळा लावला. एकही कोपरा सोडला नाही. मग ती हमसून हमसून रडायला लागली.

मैत्रिणीने भिंगातून पाहिलं. नुसता काळोख. "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? बाकीच्या सगळ्या उजळल्या, एक नाही उजळली!"

 

तिने मैत्रिणीचा हात घट्ट धरला. "पुन्हा बघ. नीट बघ. खरंच कुठेच नाही ना उजळली? म्हणजे तेव्हा माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं ना?"