पाऊस तेवढा नको

"आत चला, आबा. आभाळ बघा कसं भरलंय," विलास म्हणाला.

किसनआबांनी प्लास्टिकची दोरी बांबूला आवळता आवळता वर पाहिलं. "भरू दे की. वारा हाय, पांगंल समदं."

नावड्याच्या कॉलनीत इमारतींच्या रांगा संपतात, तिथल्या मोकळ्या मैदानात आबांची खाट होती. चार बांबू आणि वर निळं प्लास्टिक. कॉलनीतली पोरं त्याला 'आबांचा कॅम्प' म्हणायची. हौशी लोक खर्च करून डोंगरावर एखादी रात्र काढायला जातात. आबा वर्षभर फुकटात काढत होते.

आदल्या वर्षी बायको वारली आणि आबा गावाहून मुलाकडे आले. विलासचं लग्न तेव्हा नवंच होतं. आल्या संध्याकाळी आबांनी घर पाहिलं. एक खोली, तिच्यातच ओटा, मोरी आणि लग्नातली कॉट. पाहायला वेळ तो कितीसा लागणार? चहा प्यायले आणि वाकळ काखेत मारून उठले. म्हणाले, "भूकंपापासनं मला छपराखाली झोप येत न्हाई. डोळा लागला की भिताडं हलाय लागत्यात."

गाव उमरगा तालुक्यातलं. किल्लारीच्या भूकंपाला दोन वर्षंही झाली नव्हती. विलास तेव्हा इथंच होता. नोकरी नवी, रजा मागायचा धीर झाला नाही. घर उभं आहे, आई-आबा सुखरूप आहेत, एवढा निरोप आला आणि त्यावर त्याने समाधान मानलं. ते त्याला अजून सलत होतं, म्हणून आबांशी तो फारसा वाद घालत नसे.

उघड्यावर झोपून झोपून आबा हवेतले दर्दी झाले. सकाळी दूध केंद्रावर कोणीतरी हमखास विचारायचं, "काय आबा, रात्री कशी होती हवा?" आबा रंगून सांगायचे. थंडी सगळ्यात झकास, वाकळीत शिरलं की माणूस राजा. उन्हाळाही बरा, वाऱ्यानं डास टिकत नाहीत. ढगाळ रात्र वाईट, कारखान्यांचा वास खाली उतरतो. "पाऊस तेवढा नको. बाकी कसलीबी हवा मानवती आपल्याला."

पण पाऊस काही कुणाला विचारून येत नाही. पावसाळ्यात आबा प्लास्टिकखाली पाय पोटाशी घेऊन बसायचे. विलासनं जिन्याखाली जागा करून दिली, तर म्हणाले, "तेबी छप्परच की."

लोकांच्या तोंडाला कुठं झाकण असतं? सुनेनं सासऱ्याला बाहेर काढलं, असं सुनीतीला ऐकू जाईल अशा बेतानं बोललं जायचं. बिचारी रोज संध्याकाळी ताट झाकून मैदानात घेऊन जायची.

"मामा, माझ्यासाठी तरी आत झोपा," ती सासऱ्याला म्हणायची. "लोक मला नावं ठेवतात."

"लोकांचं काय घिऊन बसलीस, पोरी? त्यांनी भूकंप बगितलाय का?"

तिला एक गोष्ट मात्र उमगत नसे. दुपारी ती शिवणक्लासहून परत यायची, तेव्हा आबा खोलीत पंख्याखाली घोरत पडलेले असायचे. तिनं एकदा विचारलंच. "भूकंप रातचा येतो," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. भीतीला कसला आलाय हिशेब, असं म्हणून विलासनं विषय मिटवला. सकाळी मात्र घरात रेडिओ लागल्याशिवाय आबा जिना चढत नसत, आणि चढत तेही खोकत खोकत.

यंदाच्या पावसात तो खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा भिजले तर जिवावर बेतेल. म्हणून आज विलास हट्टाला पेटला होता.

"डॉक्टर काय बोलले ऐकलंत ना? टेन्शन आलंय मला, आबा. मी तुमच्याजवळ खाली झोपतो. दार उघडं ठेवू. सुनीती झोपेल शेजारच्या काकूंकडे."

आबांनी दोरीची गाठ आवळली. मग हसले. "तिला कशापायी भाईर घालवतूस?"

"मग काय करू मी?"

"काय नगं करू. मला बळंच आत नेलंस, तर तितंच धसक्यानं जीव जाईल माजा. जा, जेवून घे."

विलासला वाटलं, उचलून न्यावं. पण घाबरलेल्या माणसाला ओढून न्यायचं कसं? त्यानं आणखी एक प्लास्टिक आणून वर टाकलं आणि तो घरी गेला.

वारा पडला आणि पाऊस लागला तो सकाळपर्यंत. रेडिओ लागला, चहा झाला, तरी आबा वर आले नाहीत. सुनीती बघायला गेली तेव्हा ते तापानं फणफणले होते आणि त्यांना कोणाची ओळख पटत नव्हती. दवाखान्यात दोन दिवस काढले, मग गेले.

विलास रडला नाही. येईल त्याला एकच सांगत राहिला, "माझा बाप किल्लारीनं नेला. फक्त उशिरा नेला."

जलदान विधीला गावाहून आबांची धाकटी बहीण आली, पुतळाआत्या. माणसं पांगल्यावर ती भिंतीला टेकून बसली. भावाच्या मुलाचं घर ती पहिल्यांदाच बघत होती.

"एवढीच खोली व्हय रं?"

"एवढीच," विलास म्हणाला. "पण आबा कुठं झोपले इथं? भूकंपाचा धसका घेतलेला त्यांनी. रात्रीचे छपराखाली थांबायचेच नाहीत. तुला तर माहीतच असेल."

"कोन, किसनदादा?" आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "आरं, भूकंपानंतर समदं गाव हिवाळाभर रानात झोपलं, त्यो एकटाच घरात. आमी हातापाया पडलो, तरी ऐकंना. उघड्यावर मला डोळाच लागत न्हाई, म्हनायचा."